चेहऱ्यावरचे मुरूम आणि घरातली ती ट्यूब

घरात मुलीच्या रिश्त्याचा विषय निघाला की सगळ्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर जाते. येत्या रविवारी पाहुणे यायचे असतात आणि नेमके त्याच आठवड्यात गालावर, हनुवटीवर मुरूम उठलेले असतात. मग खाला एक उपाय सांगते, शेजारीण दुसरा. शेवटी कोणीतरी मेडिकलच्या दुकानात जाते आणि दुकानदार काउंटरवरूनच एक ट्यूब काढून देतो. चार दिवसांत चेहरा खरोखर साफ होतो, उजळतोही. खरा त्रास इथून पुढे सुरू होतो. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुरमांचा विषय वारंवार असतो आणि त्यांतल्या अनेक पत्रांत अशी एखादी ट्यूब असतेच. म्हणून या वेळी आम्ही हा विषय जरा सविस्तर घ्यायचे ठरवले.

आधी मुरूम होतो कसा ते पाहू. आपल्या त्वचेवर जिथे जिथे केस उगवतो, मग तो डोळ्यांना न दिसणारा का असेना, तिथे एक सूक्ष्म रंध्र असते. त्याला लागूनच तेलाची एक छोटी ग्रंथी असते. ही ग्रंथी जे तेल तयार करते त्याला सीबम म्हणतात. त्वचा मऊ राहावी म्हणून ते लागतेच. मुले-मुली वयात येऊ लागली की शरीरात अँड्रोजन नावाची हार्मोन्स वाढतात. ती मुलींच्या शरीरातही असतात. त्यांच्यामुळे ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त पाझरते. त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी सुटून जाण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे बूच बसते. आत तेल कोंडते. आपल्या सर्वांच्या त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू त्या कोंडलेल्या तेलात वाढतो. शरीर त्याच्याशी झगडू लागते आणि मग लाली, सूज, पू, ठणका हे सारे दिसते. चेहरा, छाती आणि पाठ येथे या ग्रंथी जास्त आणि मोठ्या असतात, म्हणून मुरूम तिथेच येतात.

एवढे समजले की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. मुरूम घाणीमुळे होत नाहीत. नाकावरचा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. बूच उघडे राहिल्यावर त्याचे टोक हवेने आणि त्वचेतल्या रंगद्रव्याने काळे पडते, एवढेच. तो साबणाने घासून निघत नाही. रक्त खराब होणे किंवा पोटातली उष्णता यांच्याशीही मुरमांचा संबंध नाही. काही मुलांच्या मनात तर याहून भलताच समज असतो, की ही आपल्या एखाद्या वाईट सवयीची शिक्षा आहे. बिचारे कोणाशी बोलत नाहीत, मनातल्या मनात कुढत राहतात. अब्बूंनी किंवा मोठ्या भावाने जवळ बसवून सांगावे की असे काही नसते. वयात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना कमीअधिक मुरूम येतातच.

खाण्याबद्दल हमखास विचारले जाते. बिर्याणीतले तेल पोटातून चेहऱ्यावर येत नाही, त्यामुळे दावतीच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या मुरमाचा दोष देगेवर टाकू नये. मात्र साखर, मैदा, शीतपेये, बेकरीचे पदार्थ असे रक्तातली साखर झटकन वाढवणारे खाणे काहींचे मुरूम वाढवते, असे अभ्यासांत दिसते. काहींना दुधाने त्रास होतो. जिमला जाणारी मुले व्हे प्रोटीनचे डबे आणतात, तेही दुधाचेच असते आणि त्याने मुरूम उसळल्याची उदाहरणे आहेत. पण सगळे पथ्य करूनही मुरूम राहू शकतात, कारण आई-वडिलांकडून आलेली प्रकृती यात मोठा वाटा उचलते. अम्मीला किंवा अब्बूंना तरुणपणी खूप मुरूम होते का, हे डॉक्टर उगीच विचारत नाहीत.

सगळे मुरूम एकसारखे नसतात आणि इलाज त्यांच्या प्रकारावर ठरतो. सर्वांत सौम्य प्रकारात फक्त बुचे असतात. उघडी म्हणजे काळे ठिपके आणि झाकलेली म्हणजे कातडीखालचे पांढरट बारीक दाणे. त्यापुढचा प्रकार लाल पुळ्यांचा आणि पू धरलेल्या पुटकुळ्यांचा. सर्वांत गंभीर प्रकारात त्वचेखाली खोल, दुखऱ्या गाठी होतात. त्यांतल्या काही मऊ होऊन त्यांत पू साचतो आणि बऱ्या झाल्या तरी खड्डे सोडून जातात. युनानी हकीम मुरमांना ‘बुसूर लबनिया’ म्हणतात. लबन म्हणजे दूध. दाबल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या दाण्यावरून पडलेले हे नाव किती नेमके आहे! दाबू मात्र नये. दाबल्याने निम्मा माल बाहेर येतो आणि निम्मा आत फुटतो. मग जो मुरूम आठ दिवसांत गेला असता त्याचा डाग सहा महिने राहतो.

मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली किंवा पंचवीस ओलांडली, मुरूम जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर येतात, पाळी दोन-दोन महिने चुकते, ओठावर किंवा हनुवटीवर जाड केस येऊ लागतात, वजन वाढते, अशी लक्षणे एकत्र दिसली तर केवळ मलम लावून भागणार नाही. हा पीसीओएसचा, म्हणजे बीजाशयाशी आणि हार्मोन्सशी निगडित तक्रारीचा भाग असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. लग्नाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले तर लोक काय म्हणतील, या विचाराने अनेक अम्मी हे टाळतात. लोक काही म्हणत नाहीत, आणि म्हटले तरी मुलीची तब्येत त्यांच्या म्हणण्यापेक्षा मोलाची आहे.

आता त्या ट्यूबकडे येऊ. दुकानातून मिळणाऱ्या अनेक ‘मिक्स’ मलमांत तीन औषधे असतात. एक डाग फिके करणारे हायड्रोक्विनोन, दुसरे ट्रेटिनॉइन आणि तिसरे स्टेरॉइड. काही ट्यूबांत स्टेरॉइडबरोबर जंतुनाशक आणि बुरशीनाशक औषध असते. स्टेरॉइड लावले की लाली आणि सूज तात्काळ बसते, रंग फिका पडतो, म्हणून ते जादूसारखे वाटते. इसब, सोरायसिस अशा रोगांत डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि तिथे ते चांगले औषध आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर मात्र त्वचा पातळ होत जाते. खालच्या लाल रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात. गालावर केसांची लव वाढते. उन्हात किंवा चुलीजवळ गेले की चेहरा पेटल्यासारखा होतो. आणि ज्या मुरमांसाठी ट्यूब आणली, तेच मुरूम, एकाच आकाराचे, एकाच दिवशी उठल्यासारखे, पूर्वीपेक्षा जास्त येतात. यालाच स्टेरॉइडचे मुरूम म्हणतात. घाबरून ट्यूब बंद केली तर दोन-तीन दिवसांत चेहरा लालभडक होतो, आग होते, खाज सुटते. मग वाटते की ट्यूबच बरी होती, आणि पुन्हा ती सुरू होते. असे चक्र वर्षानुवर्षे चालवलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. एकेका घरात तर सासू, सून आणि नणंद तिघी मिळून एकच ट्यूब वापरतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. तरीही काउंटरवर काय चालते ते आपण सगळे जाणतो. म्हणून ट्यूब स्वतः वाचायला शिकावे. बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्ल्युओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवरच घ्यायचे असते. घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून एकदा सगळ्या ट्यूबा वाचून घ्याव्यात. दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी चीज म्हणजे आखाती देशांतून येणाऱ्या गोरेपणाच्या डब्या. कोकणातल्या आपल्या किती घरांतले भाऊ, मामू, दामाद तिकडे नोकरीला आहेत! ते प्रेमाने सामान आणतात आणि त्यात हौसेने मागवलेली अशी एखादी डबी असते. वर ना बनवणाऱ्याचा धड पत्ता, ना घटकांची यादी. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत तिला हा नियम कोण लावणार? ती कितीही महाग असो, कोणीही आणलेली असो, फेकून द्यावी.

ज्यांच्या चेहऱ्यावर स्टेरॉइडची ट्यूब आधीच बरेच महिने लागते आहे त्यांनी ती एका दिवसात स्वतःहून तोडण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. ते ती कशी सोडायची हे ठरवतात आणि मधल्या काळातली आग शमवणारी औषधे देतात. सोडताना काही आठवडे चेहरा वाईट दिसतो. त्या काळात घरच्यांनी टोमणे मारू नयेत, पाहुण्यांची तारीख पुढे ढकलावी.

मग मुरमांचा खरा इलाज कोणता? सौम्य मुरमांसाठी दोन औषधे जगभर पहिली मानली जातात. पहिले बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारते आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. अडीच टक्क्यांचे मलम जवळपास दहा टक्क्यांएवढेच काम करते आणि आग कमी करते, म्हणून जास्त आकड्याच्या मागे लागू नये. एक सूचना मात्र कोणी देत नाही, ती आम्ही देतो. हे औषध कापडाचा रंग उडवते. रंगीत ओढणी, उशीचा अभ्रा, टॉवेल आणि सजद्यात कपाळ टेकते ती जानमाज, या सगळ्यांवर पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरावा.

दुसरे अडापलीन. ते बुचे होऊच देत नाही, म्हणजे मुळावर काम करते. रात्री इशाच्या नमाजनंतर, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, मटारच्या एका दाण्याएवढे घेऊन साऱ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचे. फक्त मुरमावर टिपके लावून उपयोग होत नाही. सुरुवातीला एक रात्र आड लावावे. पहिले दोन-चार आठवडे त्वचा कोरडी पडते, पापुद्रे निघतात, मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. इथेच बहुतेक जण ट्यूब फेकतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. स्टेरॉइड चार दिवसांत चेहरा उजळवते आणि खरे औषध तीन महिने मागते, म्हणूनच दुकानदाराची ट्यूब जिंकते.

क्लिंडामायसिनचे जेल एकटेच महिनोन्‌महिने लावू नये, त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच चालते. मुरूम जास्त असतील तर डॉक्टर डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या साधारण तीन महिन्यांपर्यंत देतात. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची असते आणि लगेच आडवे व्हायचे नसते, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. रमजानमध्ये घाईने सेहरीला गोळी घेऊन, फज्र होताच झोपणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. डॉक्टरांना विचारून ती इफ्तारच्या वेळेवर आणावी. लोहाच्या आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबरोबर ती घेऊ नये. त्वचेवर लावायच्या मलमाने रोजा तुटत नाही, त्यामुळे महिनाभर इलाज बंद ठेवण्याचे कारण नाही.

वुजूबद्दलही विचारणा होते. दिवसातून पाच वेळा साध्या पाण्याने चेहरा धुतल्याने काही बिघडत नाही. प्रत्येक वेळी साबण किंवा फेसवॉश लावला तर बिघडते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. वुजूनंतर टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी टिपून घ्यावे. नकाब आणि हिजाबच्या आतल्या टोपीचे कापड सुती असावे आणि रोज धुतलेले असावे. सिंथेटिक कापड, घाम आणि घासणे यांनी हनुवटी आणि कपाळाच्या कडेला मुरूम येतात. डोक्याला भरपूर तेल लावून वर घट्ट ओढणी बांधली की ते तेल कपाळावर उतरते. कपाळभर बारीक दाणे असलेल्या मुलींनी दोन महिने तेल फक्त नहाण्याआधी तासभर लावून पाहावे. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नये, त्वचा भाजते. उबटन रगडून काढल्यानेही मुरूम फुटतात, म्हणून हळदीच्या रस्मेला मुरूम असलेल्या नवरीच्या गालाला नुसते बोट लावावे.

खोल गाठींच्या मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध आहे आणि त्याच्याइतके परिणामकारक दुसरे नाही. ते सहसा सहा महिन्यांच्या आसपास चालते आणि अनेकांचे मुरूम कायमचे जातात. ओठ फुटतात, डोळे कोरडे होतात, रक्तातली चरबी आणि यकृत यांची तपासणी करावी लागते, मन उदास वाटू लागले तर लगेच सांगावे लागते. ते पोटभर, थोड्या स्निग्ध जेवणाबरोबर घेतले की नीट लागू पडते. कॅप्सूलचे वेष्टण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यापासून बनलेले असते. हलालबद्दल शंका असणाऱ्यांनी इलाज गुपचूप सोडून देऊ नये. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे, मिळालेली माहिती आलिमांपुढे ठेवावी.

पण या औषधाबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट निकाहशी जोडलेली आहे. गर्भावस्थेत आयसोट्रेटिनॉइन घेतले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात आणि कानांत गंभीर दोष होऊ शकतात. औषध चालू असताना आणि थांबवल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये. आता आपल्याकडचे चित्र डोळ्यांपुढे आणा. लग्न तोंडावर आले म्हणून मुलीला ‘जोरदार’ औषध सुरू करतात, डॉक्टरांना लग्नाचे सांगत नाहीत, आणि रुखसतीच्या वेळी उरलेल्या कॅप्सूल तिच्या बॅगेत असतात. सासरी ती लाजेने कोणाला सांगत नाही. निकाहची तारीख ठरली असेल, नुसती बोलणी चालू असली तरी, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. विवाहित बहिणींनी हे औषध सुरू करण्यापूर्वी गर्भाची तपासणी आणि खात्रीचे गर्भनिरोधक या दोन्ही गोष्टी ठरवून घ्याव्यात, आणि शौहरलाही हे माहीत असावे. मित्राच्या किंवा बहिणीच्या उरलेल्या कॅप्सूल कोणी कोणाला देऊ नयेत. औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदानही करू नये. अडापलीन, ट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लीनही गरोदरपणात टाळतात. तेव्हा अझेलाइक अ‍ॅसिडचे मलम चालते.

मुरूम गेल्यावर उरणारे तपकिरी डाग आणि खड्डे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात, मात्र ऊन लागले की रेंगाळतात. नकाबाचे पातळ कापड ऊन पूर्ण अडवत नाही, म्हणून सनस्क्रीन लावावे. खड्डे मलमाने भरत नाहीत. त्यांच्यासाठी सुयांचे, लेझरचे, पीलचे उपचार आहेत. ते मुरूम पूर्ण थांबल्यानंतर करायचे असतात, चालू मुरमांत नाही.

दाखवायचे कुठे? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. तिथे अगदी कमी खर्चात केसपेपर काढून तज्ज्ञ डॉक्टर तपासतात. रांग असते, सकाळ जाते, पण इलाज योग्य होतो. जाताना आजवर चेहऱ्यावर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. गेल्या वर्षी खालाने दिलेली, नाव खरवडून गेलेली डबीही त्यात असू द्या.